मध्ययुगीन कथासंग्रह व चित्रपट

मध्ययुगीन कथासंग्रह व चित्रपट : एका निवेदनसूत्रात ओवलेल्या अनेक कथांच्या मध्ययुगीन संग्रहांवर आधारलेले चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका, तसेच अशा रूपांतरातून उद्‌भवणारे कलाविषयक प्रश्न यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. कादंबरीचे वा नाटकाचे चित्रपटात रूपांतर करताना मुख्यतः एका कथानकाचा संक्षेप करावयाचा असतो. कथासंग्रहाच्या बाबतीत प्रश्न निराळा असतो. कोणत्या कथा घ्यावयाच्या, हे तर ठरवावे लागतेच; परंतु त्या कथा कोण, कोणाला व कशासाठी सांगत आहे, या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर कसे द्यावयाचे, हेही ठरवावे लागते. या दुसऱ्या निर्णयावरच बहुधा रूपांतराचे स्वरूप व यश अवलंबून असते. प्येर पाओलो पाझोलीनी (१९२२–७५) या इटालियन कवी-दिग्दर्शकाने १९७१ ते १९७४ या काळात निर्माण केलेली चित्रपटत्रयी हे अशा रूपांतराचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण असल्याने प्रस्तुत नोंदीत तिचा सविस्तर विचार केला आहे.

कथासंग्रह आणि कथाचौकट : मध्ययुगात पूर्वेकडे व पश्चिमेकडे मोठमोठे कथासंग्रह सिद्ध झाले. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेला संस्कृत कथासरित्सागर, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मानला जाणारा, हजारांहून अधिक कथांचा जपानी कोन्जाकू मोनोगातारीशू, अरबी भाषेत शतकानुशतके वाढत गेलेल्या हजार आणि एक रात्रींच्या कथा, जोव्हान्नी बोकाचीओ (१३१३–७५) याचा इटालियन डेकॅमेरॉन आणि जेफ्री चॉसर (सु. १३४३–१४००) याच्या इंग्रजी कँटरबरी टेल्स हे त्यांपैकी प्रमुख होत. यांतील बहुतेक संग्रहांना एक बाह्य कथा असते व इतर कथा तिच्या पोटात सांगितल्या जातात. या बाह्य कथेस कथाचौकट म्हणता येईल.

कथाचौकट ही केवळ कथा एकत्र बांधणारी दोरी नव्हे. कथांना अर्थ येतो तो तिच्यामुळे. शहरजादी रोज रात्री गोष्ट सांगते, ती दुसऱ्या दिवशीचा वध टळावा म्हणून. वेताळ विक्रम राजाला गोष्ट सांगतो, ती राजाने मौन सोडावे म्हणून. चॉसरचे यात्रेकरू कँटरबरीच्या वाटेवर एकमेकांशी पैज लावून गोष्टी सांगतात. त्यामुळे प्रत्येक गोष्ट सांगणाऱ्याचे शील, व्यवसाय आणि मत्सर यांवर प्रकाश टाकते. डेकॅमेरॉनमधील चौकट सर्वांत गंभीर आहे. १३४८ मध्ये फ्लॉरेन्स नगर प्लेगने उद्‌ध्वस्त होत असताना सात तरुणी व तीन तरुण सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये भेटतात आणि नगराबाहेरच्या वाड्यांत राहावयास जातात. रोज एक राणी वा राजा निवडून, त्याने ठरविलेल्या विषयावर प्रत्येकाने एक कथा सांगावयाची, असा क्रम दहा दिवस चालतो व शंभर कथा पूर्ण होतात. या कथांत व्यभिचार, लबाडी, धर्मगुरूंचा दांभिकपणा यांची रेलचेल असली, तरी त्या सांगणाऱ्या मंडळींचे वर्तन अखेरपर्यंत संयमी राहते. जेथे मृत्यूने सर्व निर्बंध शिथिल केले आहेत, तेथे जीवनावरील प्रेम व सभ्यता ही दोन्ही कथाकथनातून टिकवून धरता येतात, हे त्या चौकटीचे मर्म होय.

चित्रपटाच्या दृष्टीने ही चौकट अडचणीची ठरते. ग्रंथात निवेदकाचा आवाज प्रत्येक वाक्यात उपस्थित असतो. पडद्यावर मात्र कथा सुरू होताच निवेदक दिसेनासा होतो आणि सांगितलेली घटना प्रेक्षकासमोर प्रत्यक्ष घडू लागते. प्रत्येक कथेनंतर निवेदकाकडे परतावे, तर रसभंग होतो; परतू नये, तर असंबद्ध लघुपटांची माळ तेवढी उरते. दहा निवेदकांची स्वतंत्र व्यक्तिमत्त्वे दोन तासांत उभी करणेही दुष्कर असते. शिवाय मध्ययुगीन कथेतील पात्रे ही पुष्कळदा नमुनेच असतात. त्यांच्या मनाचा तळ शोधण्याकडे कथाकाराचा कल नसतो. काही कथांचा सर्व जोर एखाद्या समर्पक प्रत्युत्तरावर असतो. डेकॅमेरॉनच्या सहाव्या दिवसाच्या कथा अशाच आहेत. त्यामुळे चित्रपटकार बहुधा कृती, फजिती आणि युक्ती यांवर उभारलेल्या कथांकडे वळलेले दिसतात.

आरंभीचे प्रयत्न : चित्रपटसृष्टीने प्रथम अरबी कथांचे अद्‌भुत जग जवळ केले. कॅमेऱ्याच्या करामतींना त्यात भरपूर वाव होता. झॉर्झ मेल्येस या फ्रेंच दिग्दर्शकाने १९०५ मध्येच या कथाविश्वावर आधारित मूकपट काढला. लोटे रायनिगर या जर्मन कलावतीचा द ॲड्‌व्हेंचर्स ऑफ प्रिन्स आख्मेद (१९२६) हा कात्रणांच्या छायाकृतींनी सजलेला चित्रपट आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा सचेतनपट मानला जातो. मुंबईत होमी वाडिया यांनी अल्लाउद्दीन और जादुई चिराग (१९५२) व अलीबाबा और ४० चोर (१९५४) हे हिंदी चित्रपट काढले. अशा चित्रपटांत संग्रहातील एकच कथा स्वतंत्रपणे घेतलेली असल्याने चौकटीचा प्रश्न उपस्थित होत नाही. लक्षणीय बाब अशी, की पडद्यावर सर्वाधिक गाजलेल्या अल्लाउद्दीन व अलीबाबा यांच्या कथा जुन्या अरबी हस्तलिखितांत आढळत नाहीत. आंत्वान गालां या फ्रेंच भाषांतरकाराने त्या १७०९ मध्ये पॅरिसला आलेल्या हान्ना दियाब या अलेप्पोच्या कथेकऱ्याकडून ऐकल्या व आपल्या भाषांतरात समाविष्ट केल्या. मराठी वाचकांना या कथांचा परिचय कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी या ग्रंथामुळे एकोणिसाव्या शतकातच झाला होता.

डेकॅमेरॉनवर आधारित पूर्वीच्या चित्रपटांत ह्यूगो फ्रेगोनीझ याचा डेकॅमेरॉन नाइट्‌स (१९५३) उल्लेखनीय आहे. त्यात बोकाचीओ हाच नायक असून तो फियामेत्ताच्या प्रेमासाठी तिच्या निवासस्थानी येतो व कथा सांगतो. लुई झूरदाँ व जोन फाँटेन या नटांनी चौकटीतील व कथांतील प्रमुख भूमिकाही केल्या आहेत. ही योजना चतुर असली, तरी तीमुळे प्लेगची काळी पार्श्वभूमी गौण होऊन कथाकथन हे प्रणयाराधनाचे साधन बनले. बोकाचीओ ’७० (१९६२) या चित्रपटात मारिओ मोनिचेल्ली, फेदेरीको फेल्लीनी, लूकीनो व्हिस्काँती व व्हित्तोर्यो दे सीका यांनी दिग्दर्शित केलेल्या चार आधुनिक कथा आहेत. बोकाचीओच्या नावाचा उपयोग त्यात केवळ उपहासप्रधान, शृंगारिक वृत्तीचे निदर्शक म्हणून केलेला आहे.

मूळ संग्रहापासून फार दूर जाऊनही चौकटीचे महत्त्व ओळखणारा चित्रपट म्हणून आकीरा कुरोसावा याच्या राशोमोन (१९५०) या जपानी चित्रपटाचा निर्देश करावा लागेल. पत्नीसह प्रवासास निघालेल्या पुरुषाला वनात बांधून घालून त्याच्या पत्नीवर अत्याचार होतो, ही कोन्जाकू मोनोगातारीशूमधील कथा रियुनोसुके आकुतागावा याने १९२२ मध्ये परस्परविरोधी साक्षींच्या रूपाने नव्याने लिहिली. कुरोसावाने तिला आकुतागावाच्याच दुसऱ्या कथेतील पडक्या वेशीची जोड दिली. मुसळधार पावसात त्या वेशीखाली आसरा घेतलेली तीन माणसे ती हकीकत एकमेकांना सांगतात आणि मनुष्यमात्रावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न त्या सांगण्यातूनच पुढे येतो. म्हणजे मूळ संग्रहातील एकाच कथेसाठी दिग्दर्शकाने नवी चौकट निर्माण केली. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात १९५१ मध्ये या चित्रपटाला सुवर्णसिंह पारितोषिक मिळाले.

पाझोलीनीची जीवनत्रयी : डेकॅमेरॉन (१९७१), कँटरबरी टेल्स (१९७२) आणि अरेबियन नाइट्‌स (१९७४) हे तीन चित्रपट पाझोलीनीने ‘जीवनत्रयी’ या नावाने एकत्र कल्पिले होते. पाझोलीनी हा कवी, कादंबरीकार आणि मार्क्सवादी विचारवंत होता. युद्धोत्तर इटलीतील झपाट्याच्या औद्योगिकीकरणामुळे शेतकरी व झोपडवासी यांची जुनी संस्कृती, त्यांच्या बोली व त्यांचे देहभान नाहीसे होत आहे, अशी त्याची तीव्र भावना होती. मध्ययुगीन कथांकडे तो वळला, तो या हरवत चाललेल्या जगाचे सुदृढ, हसरे व निःसंकोच रूप पडद्यावर आणण्यासाठी. तिन्ही चित्रपटांचा निर्माता आल्बेर्तो ग्रिमाल्दी, कलादिग्दर्शक दांते फेर्रेत्ती आणि वेशभूषाकार दानीलो दोनाती हे होते.

डेकॅमेरॉन या चित्रपटात शंभरांपैकी नऊ-दहा कथाच घेतल्या आहेत. प्लेग, दहा निवेदक व त्यांचे वाडे हे सर्व पाझोलीनीने वगळले. फ्लॉरेन्सचे सुसंस्कृत तरुण आपल्याहून खालच्या लोकांच्या गोष्टी सांगतात, ही मूळची मांडणी त्याला मान्य नव्हती. ज्यांच्या त्या गोष्टी, त्यांच्याच तोंडी त्या असाव्यात, असा त्याचा आग्रह होता. म्हणून त्याने चित्रपट प्रामुख्याने नेपल्स व त्याच्या परिसरात घडविला आणि संवाद नेपल्सच्या बोलीत लिहिले. या बदलामागील विरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. बोकाचीओची तस्कन भाषा सोळाव्या शतकापासून इटालियन गद्याचा आदर्श मानली गेली होती. तीच बाजूला सारून पाझोलीनीने प्रमाणभाषेबाहेरची बोली निवडली. तथापि हा बदल मूळ ग्रंथाशी सर्वथा विसंगत नाही. बोकाचीओचे तारुण्य नेपल्समध्ये गेले होते आणि घोडे विकत घेण्यास आलेल्या आंद्रेउच्चोच्या फसवणुकीची, तसेच पेरोनेल्ला व तिच्या पिंपाची या दोन्ही कथा मुळातच नेपल्समध्ये घडतात.

वगळलेल्या चौकटीच्या जागी पाझोलीनीने दोन नवी सूत्रे योजिली. पूर्वार्धात चाप्पेल्लेत्तो हा खुनी व लबाड मनुष्य अधूनमधून दिसत राहतो. मृत्युशय्येवर धादांत खोटा पापांगीकार करून तो संत म्हणून पूजिला जातो, या मूळ पहिल्या कथेने हा भाग संपतो. एका दृश्यात एक वृद्ध कथेकरी रस्त्यावरच्या घोळक्याला नेपल्सच्या बोलीत मठाधिकारिणीची गोष्ट ऐकवितो. उच्चभ्रू निवेदकांची जागा लोकांतील कथेकऱ्याने घेतल्याचे तेथे स्पष्ट होते. उत्तरार्धाचे सूत्र जॉत्तो या थोर चित्रकाराच्या एका शिष्याकडे आहे व ती भूमिका स्वतः पाझोलीनीने केली आहे. सहाव्या दिवसाच्या कथेत पावसात भिजलेल्या जॉत्तोचे एक मार्मिक उत्तर एवढाच विषय आहे. पाझोलीनीने त्या प्रसंगातून चित्रकाराची संपूर्ण भूमिका उभी केली. हा चित्रकार चर्चच्या भिंतीवर चित्र काढण्यास येतो, बाजारातील माणसांचे चेहरे न्याहाळतो आणि त्यांना चित्रात आणतो. पाद्वा येथील जॉत्तोच्या ‘अंतिम न्यायनिवाडा’ या भित्तिचित्राचे दृश्य त्याला स्वप्नात दिसते. मात्र त्यात ख्रिस्ताच्या जागी माता मेरी आहे. अखेरीस तीन भागांच्या चित्रापैकी एक भाग कोराच राहतो आणि कलाकृतीचे स्वप्न इतके सुंदर असताना ती प्रत्यक्षात कशाला आणावयाची, अशा अर्थाचा प्रश्न तो स्वतःशी करतो. अशा प्रकारे ‘मृत्यूच्या छायेत गोष्ट सांगणारी मंडळी’ या चौकटीची जागा ‘लोकांत वावरून चित्र घडविणारा कलावंत’ या चौकटीने घेतली.

कथांची हाताळणीही या दृष्टीस धरून आहे. लिझाबेत्ताचे भाऊ तिच्या प्रियकराचा खून करतात व ती त्याचे मस्तक तुळशीच्या जातीच्या सुगंधी रोपाच्या कुंडीत पुरते, या शोककथेचा मूळ शेवट तिच्या मृत्यूने होतो. चित्रपट मात्र कुंडीपाशीच थांबतो. मासेत्तो आणि जोगिणी, कातेरीना आणि बुलबुल या कथांतील शृंगार चोरटा वा चटोर न वाटता स्वाभाविक व विनोदी वाटतो. याचे कारण नटांच्या निवडीत आहे. निनेत्तो दाव्होली, फ्रांको चित्ती यांसारखे थोडे परिचित नट सोडल्यास बहुसंख्य भूमिका रस्त्यांवरून व खेड्यांतून निवडलेल्या हौशी माणसांनी केल्या आहेत. त्यांचे ओबडधोबड चेहरे, वेडेवाकडे दात आणि मोकळे हसणे यांना तोनीनो देल्ली कोल्ली याच्या छायालेखनाने जुन्या भित्तिचित्रांतील व्यक्तींचे रूप दिले. हा चित्रपट १९७१ च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वलाचा मानकरी ठरला.

कँटरबरी टेल्सचे चित्रीकरण इंग्लंडमध्ये झाले. यातही पाझोलीनीने स्वतः चॉसरची भूमिका केली आहे. सराईत यात्रेकरू जमतात व पैज ठरते, इथपर्यंत मूळ चौकट टिकते. नंतर मात्र यात्रा जवळजवळ लोप पावते आणि लेखनाच्या मेजाशी बसलेला चॉसर हाच दुवा उरतो. त्यामुळे कथा व तिचा सांगणारा यांतील नाते तुटते. चॉसरच्या कृतीत गिरणीवाल्याच्या कथेला कारभारी चिडून कथेनेच उत्तर देतो. चित्रपटात या दोन्ही कथा असल्या, तरी तो वाद उरत नाही. त्रयीतील हा चित्रपट अनेक समीक्षकांना दुय्यम वाटतो, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. वातावरणही अधिक उदास आहे; मृत्यू, शिक्षा व नरक यांची दृश्ये हास्यावर मात करतात. बर्लिन महोत्सवात १९७२ मध्ये त्यास सुवर्ण अस्वल हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

अरेबियन नाइट्‌समध्ये चौकटीचा प्रश्न पाझोलीनीने सर्वांत कल्पकतेने सोडविला. दाच्या माराईनी या लेखिकेच्या सहकार्याने लिहिलेल्या या पटकथेत शहरजादी व राजा यांना स्थान नाही. संग्रहातीलच झुमुरुद ही गुलाम स्त्री आणि नूरुद्दीन हा तरुण यांची कथा बाह्य कथा म्हणून घेतली आहे. झुमुरुद आपला धनी स्वतः निवडते, पुढे पळविली जाते व पुरुषवेषात एका नगरीची राजा होते. तिला शोधत हिंडणाऱ्या नूरुद्दीनच्या वाटेवर एका कथेतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा कथा उमलत जातात. येथे कथेत कथा गुंफण्याची मूळ पद्धत जपली आहे आणि तरीही प्रत्येक वेळी निवेदकाकडे परतण्याची गरज उरलेली नाही. चित्रीकरण येमेन, इराण, नेपाळ व इथिओपिया (तेव्हा त्यात समाविष्ट असलेल्या एरिट्रियासह) येथे झाले. जुनी नगरे, मशिदी आणि वाळवंटे जशी आहेत तशीच वापरल्याने अद्‌भुत घटनांनाही वास्तवाचा आधार मिळतो. कान महोत्सवात १९७४ मध्ये या चित्रपटास परीक्षकांचे विशेष पारितोषिक देण्यात आले. श्रीमंत देशातील दिग्दर्शकाने गरीब देशांतील माणसांकडे निरागसतेची प्रतीके म्हणून पाहिले, असा आक्षेपही या चित्रपटावर घेतला जातो व तो निराधार म्हणता येत नाही.

या निर्मितीचे एक आनुषंगिक फळ महत्त्वाचे आहे. डेकॅमेरॉनसाठी येमेनमध्ये चित्रित केलेला अलिबेकच्या कथेचा भाग अंतिम चित्रपटातून वगळण्यात आला. परंतु तेथील चित्रीकरण संपत असताना, ऑक्टोबर १९७० मध्ये, पाझोलीनीने उरलेल्या फिल्मवर सना या प्राचीन नगरावर एक छोटा अनुबोधपट तयार केला. नव्या बांधकामांपासून हे नगर वाचविण्याचे आवाहन त्यात युनेस्कोला केले होते. सनाचे जुने नगर १९८६ मध्ये जागतिक वारसा सूचीत दाखल झाले.

अनुकरण आणि त्याग : डेकॅमेरॉनला मोठे व्यावसायिक यश मिळाले. त्याच्याविरुद्ध अश्लीलतेच्या तक्रारीही झाल्या. पुढील दोन-तीन वर्षांत इटलीत बोकाचीओच्या नावावर अल्पखर्ची शृंगारिक चित्रपटांची लाटच आली. या चित्रपटांनी संग्रहातून फजितीचे व शृंगाराचे प्रसंग तेवढे उचलले. ते कोण, कशासाठी सांगत आहे, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. चौकटीवाचून उरलेल्या कथेचे काय होऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पाझोलीनीने १५ जून १९७५ ही तारीख घातलेल्या एका निबंधात जीवनत्रयीचा जाहीर त्याग केला. हे चित्रपट प्रामाणिकपणे केले, याचा पश्चात्ताप त्याला नव्हता. तथापि ज्या देहाच्या निरागसतेवर त्याने विसंबून राहावे, तीच उपभोगवादी सत्तेने गिळंकृत केली आहे. लैंगिक मोकळीक हे स्वातंत्र्य न राहता बाजाराने लादलेले कर्तव्य बनले आहे. आणि वर्तमानाच्या या अधःपातामुळे भूतकाळातील ती निरागसताही संशयास्पद ठरली आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. २ नोव्हेंबर १९७५ रोजी ऑस्तिया येथे त्याची हत्या झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हा निबंध वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाला. त्याचा अखेरचा चित्रपट सालो (१९७५) हा जीवनत्रयीचे विदारक खंडन करणारा आहे.

हा त्याग मूळ ग्रंथकारांच्या चरित्रांशी ताडून पाहिल्यास एक साम्य आढळते. बोकाचीओने डेकॅमेरॉनच्या चौथ्या दिवसाच्या प्रास्ताविकात व ग्रंथाच्या समारोपात टीकाकारांना सडेतोड उत्तरे दिली होती. परंतु उत्तरायुष्यात एका मित्राला लिहिलेल्या पत्रात, त्याने आपल्या घरातील स्त्रियांना हा ग्रंथ वाचू देऊ नये, अशी विनंती केली. चॉसरने कँटरबरी टेल्सच्या अखेरीस आपल्या ऐहिक कृतींबद्दल ईश्वराची क्षमा मागितली आहे. पाझोलीनीच्या चित्रपटातील चॉसर मात्र क्षमायाचनेऐवजी या कथा केवळ सांगण्याच्या आनंदासाठी सांगितल्या, असे लिहून लेखणी ठेवतो. मूळ कृतीतील अनुतापाचा शेवट जाणीवपूर्वक वगळणाऱ्या दिग्दर्शकावर तीन वर्षांनी स्वतःच तसा लेख लिहिण्याची वेळ आली. फरक एवढाच, की मध्ययुगीन ग्रंथकारांना परलोकातील हिशेबाची वा लोकापवादाची चिंता होती. पाझोलीनीला चिंता होती ती आपली कलाकृती बाजाराच्या हाती पडल्याची.

अलीकडील रूपांतरे : पाओलो ताव्हियानी (१९३१–२०२४) आणि व्हित्तोर्यो ताव्हियानी (१९२९–२०१८) या बंधूंच्या माराव्हिल्योझो बोकाचीओ (२०१५) या चित्रपटात पाझोलीनीने वगळलेली चौकट परत आणली आहे. प्लेगने ग्रासलेल्या फ्लॉरेन्सच्या दीर्घ चित्रणाने चित्रपटाचा प्रारंभ होतो व नगराबाहेर गेलेली तरुण मंडळी पाच कथा सांगतात. त्याच वर्षी मिगेल गोमिश या पोर्तुगीज दिग्दर्शकाचा अरेबियन नाइट्‌स हा तीन भागांचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याने संग्रहातील कथा न घेता शहरजादीची चौकट तेवढी घेतली आणि तिच्या तोंडी आर्थिक काटकसरीच्या धोरणाने पोळलेल्या पोर्तुगालमधील सामान्य लोकांच्या हकीकती घातल्या. नेटफ्लिक्सवरील द डेकॅमेरॉन (२०२४) या मालिकेत नगराबाहेरच्या वाड्यात अडकलेले श्रीमंत व त्यांचे नोकर यांच्यातील संघर्ष हीच मुख्य कथा झाली असून शंभर कथा जवळजवळ लुप्त झाल्या आहेत. पाझोलीनीने कथा ठेवल्या व चौकट टाकली. येथे चौकट ठेवली व कथा टाकल्या. कोव्हिड-१९ च्या महासाथीनंतर प्लेगपासून पळालेल्या माणसांची गोष्टच प्रेक्षकांना अधिक निकटची वाटली असल्यास नवल नाही.

भारतीय परंपरेत कथासरित्सागराचे मूळ गुणाढ्याच्या आज अनुपलब्ध असलेल्या बृहत्कथेत मानले जाते व आख्यायिकेनुसार गुणाढ्य हा प्रतिष्ठान (पैठण) येथील सातवाहन राजाच्या पदरी होता. कथासरित्सागरात अंतर्भूत असलेल्या वेताळपंचविशीवर रामानंद सागर यांनी विक्रम और बेताल ही हिंदी मालिका निर्मिली व ती १९८५ पासून दूरदर्शनवरून प्रसारित झाली. कथाचौकटीच्या दृष्टीने ही मालिका उद्‌बोधक आहे. राजाने वेताळाला खांद्यावर घेणे, वेताळाने गोष्ट सांगून शेवटी प्रश्न विचारणे, राजाने मौन सोडताच वेताळाने पुन्हा झाडाकडे उडून जाणे, हा क्रम दर भागात जसाच्या तसा येतो. दोन तासांच्या चित्रपटात कंटाळवाणी ठरणारी ही पुनरावृत्ती आठवड्याच्या अंतराने मात्र प्रेक्षकांना हवीहवीशी वाटली. क्रमशः प्रसारित होणारी मालिका ही रात्रीमागून रात्र चालणाऱ्या कथाकथनाला चित्रपटापेक्षा अधिक जवळची आहे, हे यावरून दिसून येते.

मूल्यमापन : वरील उदाहरणांवरून असे म्हणता येईल, की कथासंग्रहाच्या रूपांतरात मूळ कथांशी शब्दशः प्रामाणिक राहणे ही यशाची कसोटी होऊ शकत नाही. मध्ययुगीन संग्रहकारांनीही पूर्वीच्या कथा घेऊन त्यांना नवी चौकट दिली होती. बोकाचीओच्या कित्येक कथा फ्रेंच व पौर्वात्य परंपरांतून आलेल्या होत्या आणि डेकॅमेरॉनच्या अखेरीस येणारी ग्रिसेल्दाची कथा पुढे चॉसरच्या संग्रहातही आली. त्या दृष्टीने पाझोलीनी, कुरोसावा वा गोमिश यांनी केलेले बदल याच परंपरेत बसतात. कथा पुन्हा सांगताना सांगण्याचे नवे कारण शोधणे मात्र रूपांतरकारावर बंधनकारक ठरते. ज्या चित्रपटांनी ते शोधले, ते मूळ ग्रंथापासून दूर जाऊनही त्याच्या गाभ्याशी राहिले. ज्यांना ते शोधण्याची गरज वाटली नाही, त्यांच्या हाती केवळ प्रसंगांचा सांगाडा उरला. पाझोलीनीच्या चित्रपटांना त्यांच्या कर्त्याने नाकारले असले, तरी मध्ययुगीन कथांतील सामान्य माणूस त्याच्या बोलीसह, देहासह व हास्यासह पडद्यावर आणण्याचा इतका समर्थ प्रयत्न दुसरा झालेला नाही.